माळ्यावरचं कुणाचं?

प्रश्न : ताई, मी ठाण्याच्या नौपाड्यात राहते. वय ६३. आमची चार मजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. दिवाळीनंतर घर रिकामं करून द्यायचंय आणि पुढची तीन-चार वर्षं कासारवडवलीला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये काढायची आहेत. जागा बघून आले, तिथे माळा नाही. इथे दोन माळे आहेत, एक बाथरूमवर आणि एक स्वयंपाकघरात, दोन्ही छतापर्यंत भरलेले. सासूबाईंचा तांब्याचा बंब, घंगाळ, पितळेची पातेली, पाटा-वरवंटा, दोन लोखंडी ट्रंका भरून साड्या आणि लुगडी. ह्यांचे १९८४ पासूनचे दिवाळी अंक. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला असते, तिची कॉलेजची जर्नल्स आणि बाहुल्या. बंद पडलेला मोठा टीव्ही, व्हीसीआर, कॅसेटी. पाहुण्यांच्या गाद्या. सासूबाईंना जाऊन पाच वर्षं झाली. तेराव्याला डोंबिवलीच्या नणंदबाई म्हणाल्या होत्या, "आईचं काही काढू नका." तेव्हापासून मी कशाला हात लावलेला नाही. ह्यांना विचारलं की म्हणतात, "बघू." रात्री झोप लागत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : ताई, सुरुवात खडूने करा. टेम्पो, बोहारीण, भंगारवाला हे सगळं नंतर. एक खडू आणि कागदी चिकटपट्टी घेऊन बसा आणि माळ्यावरून खाली येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर एक नाव लिहा. ठेवायचं की टाकायचं ते लिहू नका. ती कुणासाठी ठेवली आहे, एवढंच लिहायचं. आणि शिडीवर स्वतः चढू नका. चार पैसे देऊन कुणा तरण्या पोराला चढवा, तुम्ही खाली खुर्ची टाकून नाव सांगायचं काम करा.

तुमच्या पत्रात मला चार नावं दिसतात. नणंदबाई, मुलगी, 'हे' आणि 'लागेल'. पहिल्या तिघांशी बोलता येतं. चौथं कुणी तुमच्या घरी राहत नाही, म्हणून त्याच्या नावावर जे जे निघेल ते पहिल्याच दिवशी घराबाहेर. पाहुण्यांच्या गाद्या ह्याच खात्यात. आता पाहुणे जेवून हात धुतले की गाडीची वेळ बघतात, राहतो कोण? कापूस चांगला असेल तर गादीवाल्याकडून पिंजून दोन उशा करून घ्या आणि विषय संपवा.

आमचं कळव्याला रद्दी-भंगाराचं दुकान होतं. वडील काट्यावर, मी हिशेबाच्या वहीवर. तिथे बसून एक गोष्ट पक्की कळली. माणसं स्वतःसाठी फार थोडं ठेवतात. माळ्यावरचं बहुतेक सगळं दुसऱ्या कुणासाठी तरी ठेवलेलं असतं, आणि त्या दुसऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं. लेकीला होईल म्हणून आईने वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला स्टीलचा डिनर सेट तीच लेक आमच्या काट्यावर ठेवून जायची. जाताना पिशवी परत मागायची.

तेव्हा विचारा. पण विचारायची पद्धत असते. "हवंय का?" असं विचारलंत की सगळे हो म्हणतात, कारण हो म्हणायला काही पडत नाही, जागा तुमची अडते. "कधी नेताय?" असं विचारा आणि तारीख सांगा. मुलीला आजच बाहुल्यांचा आणि जर्नल्सचा फोटो पाठवा. सगळ्या ढिगाचा एक नको, एकेका वस्तूचा वेगळा. लिहा, 'दसऱ्यापर्यंत सांग, नाहीतर मी देते.' जर्नल्स ती पाहणारही नाही. एखादी बाहुली मागेल. तिला कुरिअर करा.

आता नणंदबाई. तुमची झोप उडाली आहे ती त्यांच्यामुळे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तेराव्याच्या दिवशी आई गेलेली मुलगी जे बोलते तो ठराव नसतो. त्या बोलून कदाचित विसरल्याही असतील आणि तुम्ही पाच वर्षं पाळताय. दुसरं, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर, बाईच्या मागे तिच्या वस्तूंवर मुलगा, मुलगी आणि नवरा असेल तर तो, ह्यांचा सारखा हक्क असतो. सून त्या यादीत कुठेच नाही. एरवी आपण ह्याला अन्याय म्हटलं असतं, पण आज त्याचा फायदा बघा. बंबाचं काय करायचं हे ठरवणं तुमचं काम नाही. ते दोघा भावंडांचं काम आहे. तुम्ही फक्त स्वयंपाक करा.

एका रविवारी नणंदबाईंना बोलवा. ट्रंका बाहेरच्या खोलीत आणून ठेवा, पण उघडू नका. त्यांच्या हाताने उघडू द्या, आणि ह्यांनाही तिथेच बसवा, "तुमचं चालू द्या" म्हणून पेपर घेऊन गॅलरीत जाऊ देऊ नका. डांबरगोळ्यांचा वास येईल, रडारड होईल, एकेका लुगड्याची कहाणी निघेल. होऊ द्या, त्यासाठीच रविवार आहे. संध्याकाळपर्यंत त्या दोन लुगडी आणि एखादं पातेलं बाजूला काढतील, बहुधा एवढंच. आणि समजा सगळंच नेते म्हणाल्या, तर टेम्पो तुम्ही करून द्या. नाहीतर ते सामान एकदा कासारवडवलीला आणि एकदा परत नव्या घरात, असं दोनदा वाहण्याचे पैसे तुम्हीच भरणार. नव्या टॉवरमध्येही बिल्डर माळा देईल ह्या भरवशावर राहू नका. प्लॅन मागून बघा.

नणंदबाईंनी नको म्हटलेल्या साड्यांबद्दल. खऱ्या जरीच्या जुन्या साड्या घ्यायला दारावर माणसं येतात. त्यांना साडीत रस नसतो, जरीत असतो. जुन्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचं पाणी. ते जाळून चांदी काढतात. दारावरचा भाव ऐकून लगेच देऊ नका, एखाद्या ओळखीच्या सराफाला पदराचं टोक दाखवून या. सुती साड्या आणि चादरींचं वेगळं. त्या फाटक्या नसतील तर 'गूंज'सारखी १९९९ पासून काम करणारी संस्था घेते, त्यांच्याकडे सुती कापडापासून पाळीचे कापडी पॅडही बनतात. मात्र धुऊन, वाळवून द्या. कुणाला तरी देतोय म्हणून मळकं चालेल, हा हिशेब मला मुळीच पटत नाही. बाकीचं बोहारणीला. ती घासाघीस करणारच, तुम्हीही करा. पण एवढ्या कपड्यांवर नवीन पातेलं घेऊ नका, आधीचीच जास्त झाली आहेत!

पितळ-तांब्याकडे आता माझ्या दुकानाच्या नजरेने बघू या. तांबं, पितळ, कासं आणि जर्मन (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम) ह्यांचे भाव वेगवेगळे असतात. "सगळं मिळून एकच भाव" म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवा. कासं ओळखायचं तर भांडं बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि चमच्याने टिचकी मारा. कासं लांबपर्यंत घुमतं, पितळ लवकर गप्प होतं. कासं पडलं तर फुटतं, पितळेला पोचा येतो. खिशात लोहचुंबक ठेवा, पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड लगेच चिकटेल. बंब देताना आतली लोखंडी जाळी आणि खालचं राखेचं ताट आधी काढून घ्या, म्हणजे "लोखंड वजा करतो" म्हणून मनाला येईल तेवढं वजन कापायला जागा राहत नाही. काटा इलेक्ट्रॉनिक हवा, आणि वजन करायच्या आधी त्यावर शून्य दिसलं पाहिजे.

एखादं पातेलं वापरायला ठेवायचं असेल तर कल्हई करून घ्या. कल्हईवाला भांडं तापवून आत नवसागर टाकतो, मग कथील फिरवतो, कापसाने पुसतो आणि काळंकुट्ट पातेलं आतून चांदीसारखं निघतं. बघायला मजा येते. कल्हई नसलेल्या पितळेत आमटी किंवा ताक ठेवू नका, आंबटाने तांबं उतरतं. आणि कल्हईवाला मिळत नसेल, करून घ्यायचा उत्साह नसेल, तर ते पातेलं वापरायला ठेवलं आहे असं स्वतःला सांगू नका.

भांड्यांवर नावं असतील. मुंजीत, लग्नात, वास्तुशांतीला आलेली सगळी भांडी नाव घातलेली असायची, ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं, खाली तारीख. आमच्या दुकानात अशी भांडी आली की वडील ठोकून चपटी करायच्या आधी नाव मोठ्याने वाचायचे आणि विचारायचे, "ओळखीचं आहे का?" निम्म्या वेळा देणाराच बुचकळ्यात पडायचा, हे आडनाव आपल्याकडे आलं कुठून म्हणून. कधी कुणी हात पुढे करून ते एकच भांडं परत घ्यायचं. वडील कुरकुरत नसत, वजनातून वजा करायचे. तुम्हीही रविवारी नावं वाचा. जे नाव वाचून दोघंही भावंडं "कोण हे?" म्हणतील ते खुशाल द्या.

पाटा-वरवंटा भंगारवाला घेत नाही. वॉचमनला किंवा कामाला येणाऱ्या बाईंना विचारा, कुणी गावी नेणारं असेल तर लगेच नेतं. कुणी नसेल तर जड मनाने तो बिल्डिंगबरोबर जाऊ द्या.

ह्यांचे दिवाळी अंक. इथे "बघू" चालणार नाही, पण भांडणही करू नका. नव्या जागेत एक कपाट त्यांच्या नावाचं करा आणि सांगा, "ह्यात मावेल ते तुमचं, बाहेर राहील ते माझ्या यादीत." यादी करायचं कामही त्यांचंच, वर्ष आणि अंकाचं नाव. दुपारी चष्मा लावून बसतील, जुनी कविता सापडली की तुम्हाला हाक मारतील, तेवढं ऐकून घ्या. ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. अशा ठिकाणी आधी यादी दाखवावी आणि काय हवं ते त्यांना ठरवू द्यावं. गोणी भरून वाचनालयाच्या दारात ठेवून येणारे लोक दानशूर नसतात, त्यांनी आपला माळा दुसऱ्याच्या घरी नेलेला असतो. कसर लागलेले, पाणी लागलेले अंक सरळ रद्दीत. गुळगुळीत कागदाच्या मासिकांना वर्तमानपत्रापेक्षा भाव कमी मिळतो, एकत्र दिलंत तर सगळ्यालाच कमी लावतील. गठ्ठे वेगळे बांधा.

टीव्ही आणि व्हीसीआर गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. हे मी भंगारवाल्याची मुलगी म्हणून सांगते. तो मागची तांब्याची गुंडाळी काढून घेतो आणि काच फोडून टाकतो. जुन्या टीव्हीच्या त्या जाड काचेत शिसं असतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, म्हणून त्या कंपनीच्या ग्राहकसेवा क्रमांकावर विचारा किंवा नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरला बोलवा. कॅसेटींपैकी घरच्या आवाजाच्या, म्हणजे मुलीच्या बारशाची, सासूबाईंनी म्हटलेल्या ओव्यांची वगैरे असेल तर तेवढी आधी कॉपी करून घ्या. आपल्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. बाजारातून आणलेल्या गाण्यांच्या कॅसेटींचा मोह सोडा.

आणि सगळ्यात शेवटी लिहिते पण करायचं आधी आहे. रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी प्रत्येक फाईल, प्रत्येक वही झटका. ट्रंकांचे तळही बघा, आमच्या आया-आज्या कागद घडीखालीच ठेवायच्या. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि घराच्या जुन्या करारांची साखळी तर रिडेव्हलपमेंटला लागणारच. शिवाय कंपन्यांची कागदी शेअर सर्टिफिकेटं निघू शकतात. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा, करावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात, पण वारसाला तिथून मागता येतात. म्हणजे तो कागद टाकायचा नाही. जुनी बँक पासबुकं निघाली तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' ह्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या पोर्टलवर नाव घालून बघा, दहा वर्षं न हललेल्या ठेवी तिथे दिसतात.

लुगड्याच्या घडीत २०१६ च्या आधीच्या पाचशे-हजारच्या नोटा सापडल्या तर हसू नका, पुष्कळ घरांत सापडतात. त्या बदलून मिळणार नाहीत. आठवण म्हणून दहापर्यंत नोटा ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त जवळ ठेवणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न : देव्हाऱ्यात आणि भिंतीवर मिळून देवांच्या फ्रेम फार झाल्या आहेत. लग्नात, उद्घाटनात, दिवाळीत कुणी ना कुणी देतंच. काही फोटो काळे पडलेत, काचा तडकल्यात. फेकवत नाहीत. शेजारचे म्हणतात पुलावरून खाडीत सोडा. योग्य काय?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : खाडीत मुळीच नाही. ठाणे खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून ती रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ आहे. तुमच्या ऐरोलीतच त्याचं जैवविविधता केंद्र आहे, जाऊन बघा. पुलावरून टाकलेली काचेची फ्रेम विसर्जित होत नाही, ओहोटीला चिखलात उभी राहते आणि खेकडे धरणाऱ्या कोळ्याच्या पायात जाते.

घरीच करा. फोटोला अक्षता वाहा, 'पुनरागमनाय च' म्हणा, म्हणजे तुमच्या मनाने निरोप झाला. मग फ्रेम उलटी करून मागचे खिळे काढा. काच वर्तमानपत्रात गुंडाळून, 'काच' असं लिहून सुक्या कचऱ्यात वेगळी द्या, सफाई कामगाराचा हात कापू नये म्हणून. लाकडी पट्टी चांगली असेल तर फ्रेमवाला घेतो. साधा छापील कागद बादलीत भिजवून लगदा करा आणि कुंडीच्या मातीत मिसळा. प्लॅस्टिकचा थर असलेला कागद मातीत जात नाही, तो सुक्या कचऱ्यातच. निर्माल्य कलश फुलांसाठी असतो, त्यात फ्रेम खुपसू नका. आणि पुढच्या उद्घाटनाला काय भेट द्यायची हे तुमच्या हातात आहे, निदान तुम्ही तरी फ्रेम देऊ नका.

प्रश्न : सासूबाई श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, हॉटेलच्या पार्सलचे सगळे प्लॅस्टिकचे डबे धुऊन ठेवतात. ओट्याखालचं कपाट उघडलं की अंगावर येतात. मी त्या गावाला गेल्या की गुपचूप टाकते. परवा त्यांनी एक डबा शोधला आणि घरात दोन दिवस अबोला होता. त्यांना कसं समजावू?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आधी गुपचूप टाकणं थांबवा. डबे त्यांचे आहेत. तुमच्या कपाटातला ड्रेस त्यांनी तुमच्यामागे बोहारणीला दिला तर कसं वाटेल?

दोघी मिळून जमिनीवर बसा आणि फक्त झाकणं जुळवा. झाकण न सापडलेले डबे त्या स्वतःच बाजूला काढतील, त्यांनाही ते छळतातच. मग डबे उलटे करून तळ बघा. त्रिकोणात १ आकडा असेल तर त्यात गरम भाजी घालू नये. ५ असेल तर जरा बरं प्लॅस्टिक, कोरड्या वस्तूंना चालेल. आकडाच नसेल तर खायच्या वस्तूंना नको. उरलेले किती ठेवायचे ते त्यांना ठरवू द्या, कपाटाचा एक खण त्यांचा. त्या काय ठरवतात ते बघून मग पुन्हा लिहा. आणि परवा शोधत होत्या तो डबा कुठला होता, ते विचारलंत का? बहुतेक त्यात त्या कुणाला तरी लाडू पाठवणार होत्या. तसा एक डबा आणून द्या.